बिनब्रेकचा उतार

लिफ्टची तपासणी करण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली, त्या गृहस्थांना कचेरीत सगळे खातरजमासाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतंच खातरजमा. दोरात जरा करकर ऐकू आली की साहेबांनी लिफ्ट बंद केलीच. दाराच्या फटीवर सहीची कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे कोणी उघडलं तर पट्टी फाटणार आणि चोर सापडणार. ही सवय ते घरीही घेऊन आले. बायको बिचारी फ्रिज उघडायलाही कधीकधी परवानगी काढत असे.

निवृत्तीनंतर त्यांनी मोर्चा इमारतीच्या लिफ्टकडे वळवला. रोज सकाळी ती अडवून तपासायचे आणि माणसं जिने चढायची. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या तेव्हा जावयानं तोडगा काढला. मुलगी आणि जावई त्यांच्याच घरात राहत. जावयाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर एक खेळ टाकून दिला. त्यात आपली जत्रा आपण उभी करायची, झाडं लावायची, आणि मुख्य म्हणजे रोलरकोस्टर आपल्या मनासारखा बांधायचा. रुळाचा तुकडा तुकडा जोडत चढ, उतार, वळण घ्यायचं.

साहेब रमले, पण आपल्या पद्धतीनं. प्रत्येक उताराला ब्रेक, वळणाच्या आधी ब्रेक, वळणानंतर पुन्हा ब्रेक. गाडी दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी येईपर्यंत तिच्यातला जीव संपलेला असे. ती खोलगटात अडकून बसे आणि आतली चिमुकली माणसं हात हलवत राहत. साहेब समाधानानं म्हणत, "थांबली ना? पडली तर नाही?" त्यांच्या रोलरकोस्टरपेक्षा जत्रेतल्या संडासापुढची रांग मोठी असे.

आणि एके सकाळी पाहतात तो काय, रोलरकोस्टरपुढे ही गर्दी! माणसं नाचत उतरत होती आणि परत रांगेत लागत होती. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी रूळ डोळ्यांखालून घातला. दोन उतारांवरचे ब्रेक गायब होते, आणि एक वळण कोणीतरी छान तिरपं केलं होतं.

त्यांनी ब्रेक परत बसवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नाहीसे झाले. मग काय, कीबोर्डच्या खणावर सहीची पट्टी लागली. पट्टी जशीच्या तशी राहिली आणि गाडीला एक नवी गिरकी फुटली.

पट्टी न फाटता काम होतंय म्हणजे माणूस जाणकार, आणि घरात जाणकार एकच. दुकानात बसून तारेतून शिरत असणार. साहेब जावयावर डोळा ठेवू लागले. तो चहा पिताना हसला तरी त्यांना त्यात काळंबेरं दिसे.

शेवटी जेवताना त्यांनी तोफ डागली. "जावईबापू, लोकांच्या वस्तूंना हात लावायचा तर विचारून लावावा."

जावयानं मान खाली घातली आणि तो भात चिवडत राहिला. चोराच्या मनात चांदणं, साहेबांनी ताडलं.

मुलगी मात्र भडकली. "बाबा, हे तिसऱ्यांदा. परवा पट्टीवरून बोललात, त्याआधी हसण्यावरून. ज्या घरात माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात तिथं मी राहणार नाही. आम्ही दुसरं घर बघतो."

ती खरंच घरं बघू लागली. ही एकुलती एक लेक, ती गेली की घर खायला उठणार हे साहेबांना पक्कं माहीत होतं. पण संशय हा जुना खोकला, दाबला की जास्त उसळतो. एके दिवशी दोघं घर पाहायला बाहेर पडली, तेव्हा साहेबांनी कटिंग करून येतो म्हणून चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून परत फिरले. जावई वाटेत दुकानात शिरणार, आणि तिथून काय करतो ते पडद्यावर रंगेहाथ पकडायचं होतं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कॉम्प्युटरपुढे बायको बसली होती. वाफेवर सोडवलेली पट्टी बशीच्या काठावर नीट सुकत घातलेली. पडद्यावर गाडीच्या पुढच्या बाकावरून दिसणारा रूळ धावत येत होता, आणि बाईंनी टेबल दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. वळणाला अंग कलायचं, उताराला तोंडातून बारीकशी किंकाळी.

"अगं, तू?"

ती दचकली, पण उठली नाही. "मीच. तुम्ही दुपारी झोपलात की बसते."

"तुला हे येतं?"

"जावयांनी शिकवलं. लग्न झाल्यापासून तुम्ही मला साध्या पाळण्यात बसू दिलं नाहीत. कुठं बोल्ट गंजलेला, कुठं पाळणेवाला झोपाळू दिसतो. मग म्हटलं, इथं तरी बसू."

"आणि तो बोलला का नाही? मी त्याला चोर ठरवला!"

"मीच म्हटलं होतं, यांना सांगू नका. कळलं तर ब्रेक लावतील. काल म्हटलं, आता सांगून टाकते. तर जावईच म्हणाले, आई, तुमची गाडी चालू राहू दे, मी ऐकून घेईन." तिनं टेबलावरचे हात काढले. "चुकलंच माझं. पण मला उतरावंसं वाटेना हो."

साहेब खाटेवर बसले. बाहेर कुलूप वाजलं. मुलगी आणि जावई आत आले. सासूबाईंना पाहून जावई दारातच थबकला.

"घर मिळालं," मुलगी म्हणाली. "उद्या होकार कळवायचाय."

"नका कळवू," साहेब म्हणाले. "मला समजलं सगळं."

जावई हळूच म्हणाला, "बाबा, रागावू नका, पण विचारतो. मी सांगितलं असतं की मी नाही, तर तुमचा विश्वास बसला असता?"

हो म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"नसता बसला," ते म्हणाले.

मुलीनं हातातली पिशवी खाली ठेवली. चपला मात्र काढल्या नाहीत.