आभाळमावशीच्या ओव्या

जात्यावर बसलेल्या बायका भावाचं गातात, माहेराचं गातात, नाव न घेता सासूला दोन टोले हाणतात. आमची आभाळमावशी फक्त आभाळाचं गायची. तिचं खरं नाव गाव कधीच विसरलं होतं. भिसेगावात आमच्या शेजारच्या खोपटात ती एकटी राहायची. मी नवी सून, घरात दुसरी बाई नाही, म्हणून पहाटे घाट चढणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची शिट्टी झाली की ती माझ्या जात्याचा खुंटा धरायला यायची.

तिची एक रीत होती. आवडीची ओवी ती दुसरीला द्यायची आणि दिलेली पुन्हा स्वतः कधी गायची नाही. बदल्यात एक मागायची, तीही आभाळाचीच. आषाढात मी हौसेनं तिची चंद्राची घेतली:

चांद चढला डोंगरी, दूध सांडलं कौलावरी
निजल्या माझ्या बाळा, उजेड तुझ्या गालावरी

बदल्यात माझ्या खालापूरच्या माहेरची इंद्रधनुष्याची दिली.

कोजागिरीला आम्ही बायका अंगणात चंद्र उगवायची वाट बघत बसलो होतो. तो वर आला. मावशी मान उंचावून बघत होती. "आज लई उशीर लावला गं चांदानं," ती म्हणाली. बायका हसल्या. चंद्र तिच्या अगदी समोर होता, तोंडावर उजेड पडला होता. मला एकदम आठवलं. त्या पावसाळ्यात घरचे माथेरानच्या डोंगराकडे बोट करून इंद्रधनुष्य दाखवायचे आणि मला नुसतं ओलं आभाळ दिसायचं.

पहाटे दळताना मी तिला सरळ विचारलं. जातं न थांबवता ती म्हणाली, "मंग काय फुकट मिळतं व्हय? आवडीचं दिलं का आपल्याला दिसायचं बंद व्हतं. पर कुनाला तरी दिसत ऱ्हातं." मी चिडून माझी ओवी परत मागितली. "दिली ती दिली," म्हणाली. मग कितीतरी दिवस मी एकटीनंच दळलं. हाताला फोड आले, तेव्हा मुकाट्यानं तिला बोलावून आणलं.

पुढे ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी तिनं हाक मारली. "सूर्व्याची तेवढी घे गं. माज्यासंगं जळली तर कुनालाच दिसायचा नाय."

"नको मावशी, तू अंधारात पडशील."

"मला आता काय बगायचंय?"

बारीक आवाजात ती गायली, मी मागून म्हटलं. दारातून आलेलं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. "ऊन लागतंय," ती हसून म्हणाली, "पर कुठनं येतंय ते कळंना." संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलेला पाहिला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रडू कोसळलं.

आता माझ्या नातीला ओव्यांचा नाद लागलाय. चंद्राची तिला दिली, माहेरची चांदण्यांचीही दिली. रात्री अंगणात बसले की वर नुसता काळोख दिसतो, त्याचं काही वाटत नाही. सूर्याची तेवढी उरलीय. वय झालं, ती द्यायला हवी, हे मला कळतं. पोरगी रोज जवळ येऊन बसते, "आजे, ती दे ना गं," म्हणते. मी रोज उद्या म्हणते. मावशीचं काळीज माझ्याजवळ नाही. मला अजून बघायचंय.