इथे कापा

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात काल एक मुलगी दिसली. आठेक वर्षांची असेल. पुढ्यात विज्ञानाच्या खेळांचं पुस्तक होतं. पानावर भिंगरीचं चित्र, भोवती ठिपक्यांची रेघ आणि ठळक सूचना: 'इथे कापा.' त्या रेघेवरून ती नखाने गिरवत बसली होती. खाली वाचनालयाचा शिक्का: 'पाने फाडू नयेत.'

आता या पोरीने ऐकायचं तरी कुणाचं?

"नख नको लावूस गं," टेबलामागून बाई म्हणाल्या. "नुसतं वाच."

नुसतं वाच! भिंगरी काय वाचायची असते? माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे पुस्तक आलं की आधी त्याला खाकी कव्हर. चुकून पाय लागला की लगेच नमस्कार. मग त्याला कात्री लावायची कुणाची छाती आहे? लिहिणारा बिचारा जीव तोडून सांगतो, कापा, चिकटवा, बिघडलं तर पुन्हा करा. आणि आपण सांगतो, आधी हात धुऊन ये.

घरी येऊन बायकोला हे सगळं तावातावाने सांगितलं. तिने उठून माळ्यावरच्या पेटीतून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. आमच्या लेकाचं, तो तिसरीत असतानाचं. खाकी कव्हर मी घातलेलं. पहिल्या पानावर माझंच वळणदार अक्षर: 'जपून वापरणे.'

आत होडी, पतंग, भिंगरी, सगळं जागच्या जागी होतं. ठिपक्यांवरून मात्र नखाची एक खोल रेघ गेली होती.