रिकामी बशी

श्वास ही निसर्गाची देणगी आहे, ती कुणी शिकवावी लागत नाही, असं थोर लोक सांगतात. छातीच्या दवाखान्यात मात्र दर मंगळवारी तिचा वर्ग भरतो आणि हजेरीही घेतात.

माझा थोरला भाऊ, दादा, चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभा होता. आता दम लागला की तो घाबरतो, आणि घाबरला की आणखी दम लागतो. घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मंगळवारी दोन माणसांनी त्याला खुर्चीतून खाली आणलं होतं.

“नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. कुणालाच जमेना. मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात रिकामी बशी दिली. “चहा गरम आहे. फुंका. पण सांडायचा नाही हं.”

नऊ म्हातारी माणसं नसलेला चहा निववू लागली. खोलीत एकच लांब फुंकर उरली. ती कुणाची, ते सांगता येईना. मी दादाच्या बशीत डोकावलो. तिच्यावर वाफ धरली होती, जणू आत्ताच कुणी चहा ओतला होता. माणसाचं असणं बहुधा एवढंच, असं मनात आलं, आणि मी नकळत श्वास रोखला.

घरी जिन्यापाशी मी विचारलं, “खुर्ची मागवू?” बशी अजून त्याच्या हातातच होती.

“सांडेल,” दादा म्हणाला, आणि ती तोंडाशी धरून, फुंकत, थांबत चढू लागला. शेजारची दारं उघडली.

वर पोचल्यावर त्याने बशी उलटी केली. मागे दवाखान्याचं नाव होतं. मंगळवारी ती परत करायची आहे.