वळवलेली चाकं

या पानावरचे गूढ अनुभव मी आजवर चुका शोधायला वाचत आले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी — बी.एस्सी., फिजिक्स. शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातून निघाले, आज देवपूरला शाळेत शिकवते, स्वतःच्या पगारातून घेतलेली कार चालवते. कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही, असं मुलांना सांगते. आता स्वतःचं सांगते...

गेल्या हिवाळ्यात मावशीच्या नातवाचं जाऊळ होतं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, टेकडीवर त्यांची देवी आहे. पायऱ्यांपर्यंत रस्ता जातो, पण चांगलाच उभा. डाव्या हाताला कापलेली दरड, उजवीकडे खोल नाला, कठडा नाही. मी दरडीच्या बाजूला, तोंड चढाकडे ठेवून गाडी लावली. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल. गाडी शिकले देवपुरात, तिथे सगळं सपाट... एवढं पुरायचं.

मायचे गुडघे गेलेत. मागच्या सीटवरून म्हणाली, "मी आठेच बसस. देवीले सांग, म्हनावं तूच खाले ये."

मावसभाऊ मोबाइल घेऊन तयारच. "थांब ताई, बी.एस्सी.बाईंचा गाडीसोबत एक फोटो." काढला. किल्ली पर्समध्ये टाकली नि आम्ही दोघं वर गेलो.

बाळाचं अर्धं डोकं झालं असेल, तेवढ्यात खालून आरडाओरडा. "गाडी चालनी, गाडी!" पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही.

गाडी मागे घसरून, दरडीला पाठ टेकवून उभी होती. मागचा दिवा फुटलेला. माय आत, पुढची सीट दोन्ही हातांनी धरून. आणि पुढची चाकं दरडीकडे पूर्ण वळलेली.

मावसभाऊ वाकून बघत राहिला. "चाकं वळवून ठेवली म्हणून दरडीला टेकली. सरळ असती तर आत बसलेल्या मावशीसकट नाल्यात. बरं झालं, तुला माहीत होतं."

मला माहीत नव्हतं. चढावर चाकं वळवून ठेवतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मायला विचारलं, तर ती माझ्यावरच चिडलेली. "तूच ते उनी व्हती. पुढे बठनी, स्टेरिंग फिरावं, अन गई. मी इचारं, काय राही गयं व? तू बोलनी बी नही. माले वाटनं, रागमा शे."

"माय, मी वर होते. सगळ्यांच्या समोर."

"पोटनी पोर शे तू मनी. मी काय आंधळी शे का?"

घरी येऊन मी नीट शोधलं. मावसभावाच्या फोटोत मी गाडीला टेकून उभी आहे, आणि माझ्या मागे चाक सरळ आहे. किल्ली शेवटपर्यंत पर्समध्ये होती, आणि किल्लीशिवाय माझ्या गाडीचं स्टेअरिंग लॉक होतं — अंगणात करून पाहिलं, जरासं हलतं नि अडकतं. मायने जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नाही. तिला डुलकी लागली, स्वप्न पडलं, असं धरून चालू. पण स्वप्नाने चाकं वळत नाहीत. आणि जी कोण आली, तिला ती गोष्ट येत होती जी त्या दुपारी मला येतच नव्हती... इथे माझं फिजिक्स थांबतं.

आता चढावर मी गाडी गिअरमध्ये ठेवते, चाकं वळवते. मध्यंतरी धुळ्याबाहेर लळिंगच्या चढावर चहाला थांबलो. माय मागेच बसून होती. उतरून चार पावलं गेले नि लक्षात आलं, चाकं सरळच राहिली. परत फिरले, पुढे बसले, किल्ली लावून स्टेअरिंग फिरवू लागले. मागून मायचा आवाज आला, "काय राही गयं व?"

मला उत्तर द्यायचं होतं. शब्दच फुटला नाही. गळा भरून आला होता. चाकं वळवली, दार लावलं, चालू लागले.

कारण मला अजून सापडलेलं नाही. फक्त घरी परतताना मायला एवढं सांगितलं, की त्या दिवशी जी आली होती, ती रागात नव्हती.