विरत जाणारी जाळी

गोव्यातल्या हळर्णच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, नारळ पाडायचे म्हटले की एकच नाव निघायचे. गोकुळदास, माझा सख्खा मामा. माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. मामाने हे काम त्याच्या वडिलांकडून घेतले आणि कमरेला कोयता लावायची त्याची ढबसुद्धा त्यांचीच. तो फारसा बोलत नसे. माडाखाली उभा राहून आधी तो पायात अडकवायचा काथ्याचा दोर हातात घ्यायचा, दोन्ही टोकांना धरून ताणायचा आणि उन्हाकडे करून बघायचा. एखादे सूत जरी सुटलेले दिसले तरी तो दोर चुलीत जायचा. दोर तुटून तो कधीच पडला नाही. पडला तो झावळीत लपलेल्या गांधीलमाश्यांमुळे.

डाव्या पायाच्या नळीचे हाड कातडीबाहेर आले होते आणि त्यात माती गेली होती. इस्पितळात सडलेला भाग कापून काढावा लागला. मधे दोन बोटांएवढी जागा रिकामी राहिली. एवढी मोठी फट हाड आपले आपण भरत नाही. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरायचा. दुसरा, कारखान्यात बनवलेली जाळी बसवायची. हाडात जे क्षार असतात तसल्याच क्षारांची पूड आणि शरीरात सावकाश विरघळणारे प्लास्टिक एकत्र करून, थरावर थर घालत ती यंत्रावर छापतात. हातात घेतली तर ती मधाच्या वाळक्या पोळ्यासारखी दिसते, सगळीकडे बारीक भोके. दोन्ही बाजूंच्या हाडातल्या पेशी त्या भोकांतून आत शिरतात, तिथे वस्ती करतात आणि नवे हाड घालतात.

मामाला एवढे खोलात कोणी सांगितले नव्हते. त्याने एकच विचारले होते, हे हाड कुठल्या जनावराचे. कुठल्याच नाही म्हटल्यावर त्याने सही केली. जाळी बसली आणि पायाभोवती बाहेरून स्टीलची कडी चढली. कड्यांमधून तारा आरपार हाडात गेल्या होत्या. तसा तो घरी आला आणि ओसरीवरच्या खाटेवर पडला. शेजारचा बाबुराव बघायला आला तेव्हा कड्यांवर टिचकी मारत म्हणाला, "गोकुळदासा, तुजें हाड आतां फॅक्टरीचें. गॅरंटी कार्ड सांबाळून दवर."

"गॅरंटी आसली जाल्यार पयलीं तुकाच माडार धाडतलों," मामा म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस त्याने कोणाची थट्टा केली नाही.

मी मटेरियल्सचे शिक्षण पुण्यात संपवून घरी परतले ते मिरगाच्या आसपास. तेव्हापासून मामाला माझ्या गाडीतून इस्पितळात नेण्याचे काम माझ्याकडे आले. त्याला गाडीत बसवणे म्हणजे दारातून खाट बाहेर काढण्यासारखे होते. आधी कडी आत घ्यायची, मग पाय, मग माणूस. घरातही तसेच. न्हाणीचे दार अरुंद, म्हणून आंघोळ मागच्या पडवीत. लेंगा एका बाजूने उसवून त्याला नाड्या लावलेल्या. पाऊस लागला की तारांच्या तोंडाशी ठणका सुरू व्हायचा. खाटेवरून त्याला बाबुरावाच्या परसातले माड दिसत. नारळ पिकून आपोआप गळत होते. एक पडला की आवाजावरून मामा सांगायचा, कुठल्या माडाचा.

इस्पितळात दर खेपेला एक्स-रे काढत. पहिल्या फोटोत जाळी पांढरी, ठसठशीत दिसत होती. पुढच्यात ती फिकट झाली. त्याच्या पुढच्यात तिच्या कडा पुसल्यासारख्या दिसल्या. मामा ते फोटो घरी आणून ओसरीच्या दारात उन्हाकडे धरायचा. दोर धरायचा तसेच, दोन्ही हातांनी. फोटो पाकिटात घालून उशाशी ठेवायचा.

डॉक्टरांची सूचना साधी होती. कुबड्या घेऊन चालायचे, पण डाव्या पायावर थोडे थोडे वजन टाकत जायचे. मामा सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारायचा. विनोदिनीमामी स्वयंपाकघरातून कुबड्यांचा आवाज ऐकायची आणि समाधानाने भाकऱ्या थापायची. तरी जुलैच्या फोटोत फटीत नवे हाड जवळजवळ नव्हतेच. डॉक्टरांनी चष्मा काढला. गणेश चवथीनंतरच्या तपासणीतही हेच दिसले तर पाय पुन्हा उघडायचा, उरलेली जाळी काढायची आणि कमरेचे हाड भरायचे, असे त्यांनी सांगितले. पाय थोडा आखूड होईल. माडावर चढायचे मात्र विसरायचे.

कारण मामीला सापडले. अंगणातला चिखल लागलेल्या मामाच्या चपला ती दगडावर घासत होती. उजव्या चपलेचा तळ गुळगुळीत झालेला. डाव्या चपलेच्या तळावरची नक्षी दुकानातून आणली तशीच होती.

ती दोन्ही चपला घेऊन ओसरीवर आली आणि तिने त्या मामासमोर ठेवल्या. मी तेव्हा तिथेच औषधे लावून ठेवत होते. मामाने चपलांकडे पाहिले आणि उशाखालचे पाकीट काढून सगळे फोटो खाटेवर पसरले. त्याने बोट ठेवून एकेक दाखवला. जाळी आहे, जाळी कमी झाली, जाळी चालली. सूत सुटत चाललेल्या दोरावर मी कसा भार घालू, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून इतके दिवस तो पाय जमिनीला नुसता टेकवत होता, वजन सगळे काखेतल्या कुबड्यांवर.

मामी खाली बसली. जाळी विरघळणारच असते, हे डॉक्टरांनी तिला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितले होते. मामाला तेव्हा ताप होता. तिने ते स्वतःजवळच ठेवले.

"तुमकां आदीं सांगिल्लें जाल्यार तुमी सही करचे नाशिल्ले," ती म्हणाली.

"म्हणजे विरतलो दोर पायांत घालून तुमी माका उबो करपाक सोदतात?"

"दोर न्हय तो. हाड येयसर जागो धरून रावता, मागीर वता." हाड येईपर्यंत जागा धरायची आणि मग निघून जायचे, एवढेच जाळीचे काम, असे तिला म्हणायचे होते.

"आनी हाड येना जाल्यार?"

"उबे रावले बगर येना. तुमी उबे रावनात, म्हणून येना."

मामाने माझ्याकडे पाहिले. मी जे शिकले होते ते सांगितले. हाडाच्या पेशींना दाब कळतो. दाब असेल तिथे त्या भर घालतात, नसेल तिथे हात आवरतात. सध्या बराचसा भार बाहेरची कडीच घेतात, म्हणून पाय मोडायची भीती कमी आहे. मामाने सगळे ऐकले. मग म्हणाला की जाळी शाबूत होती तेव्हा मी उभा राहिलो नाही, आणि आता ती अर्धी गेल्यावर उभा राहायला सांगता. त्याचे बरोबरच होते. जाळी कोणासाठी थांबत नाही. हाड येवो न येवो, ती आपल्या वेगाने विरत राहते.

त्या दिवसापासून अंगणातल्या फेऱ्याही बंद झाल्या. मामीशी तो बोलेना. जेवणाचे ताट घ्यायचा, रिकामे करून खाटेखाली सरकवायचा. इस्पितळातून व्यायाम शिकवणारा सर्वेश येऊन गेला, त्यालाही त्याने पाठ केली. मामी एकदा मला चुलीशी म्हणाली की हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या हाताने ताणून बघितल्याशिवाय कशावर विसंबला नाही, आणि आतली वस्तू तर त्याला हाताने धरताच येत नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायची होती. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीच्या घोसांची शिपटी, रानफळे बांधतात. त्या घरात हे काम कायम मामाचे. यंदा बाबुराव आला. बांधायला सोयीचे म्हणून चौकट डोक्याच्या उंचीवर उतरवली होती. बाबुरावाने नारळांची जोडी बांधली, ती सुटून खाली आली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा नारळ मूर्तीच्या चौरंगावर आपटणार तेवढ्यात मामीने झेलला.

"कुशीक जा," मामा ओसरीवरून बाबुरावाला म्हणाला.

तो कुबड्यांवर आत आला. चौकटीखाली थांबला. गाठ मारायला दोन्ही हात वर हवे होते. त्याने एक कुबडी बाबुरावाकडे दिली, मग दुसरी. डावा पाय लाकडासारखा ताठ होता. हात वर गेले तसा त्याचा चेहरा पांढरा पडला, तारांच्या तोंडाशी रक्ताचा थेंब आला. मामी त्याच्या मागे हात पसरून उभी राहिली, पण त्याला शिवली नाही. गाठ मारून झाल्यावर तो पुढच्या नारळासाठी हात पुढे करून थांबला. मामीने नारळ दिला. सगळी माटोळी त्यानेच बांधली, मधेमधे खुर्चीवर टेकत. त्यानंतर तो रोज उभा राहू लागला. मामीशी बोलूही लागला, पण मोजकेच.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. जाळीचे ठिपके तेवढे उरले होते. फटीच्या खालच्या टोकाला धुक्यासारखा राखाडी पट्टा होता, नवे हाड. वरच्या टोकाला काहीच नव्हते. ऑपरेशन रद्द झाले नाही, दिवाळीपर्यंत पुढे ढकलले. कडी तोवर राहणार.

"वयल्या तोंकार हाड येवपाक कितें करूं?" मामाने विचारले.

वेगळे काही नाही, जे करता तेच, असे डॉक्टर म्हणाले. तरीही येईलच असे सांगता येत नाही.

परतताना मामा नेहमीसारखा मागच्या सीटवर आडवा झाला नाही. पुढे बसला, गुडघा वाकवून, डाव्या पायाचा तळवा गाडीच्या तळाशी घट्ट दाबून. वाटेतल्या धारगळला पोचेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. मामी मागून म्हणाली, आता जरा सैल सोडा, गाडीत कसली घाई. हळर्णच्या वळणावर खड्डे लागले, कडी खडखडली. मी गाडी हळू केली. पाय त्याने उचलला नाही.