नाताळ सोमवारी आला तेव्हा

नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की ते खिळ्याला लागायच्या आत गावातल्या मार्थाबाई आमच्या अनसिंगच्या घरी हजर. चहा नको, पाणी नको. आधी ऑगस्टचं पान, मग डिसेंबरचं. मरियामातेचा सण आणि नाताळ कोणत्या वारी आलेत, एवढंच त्यांना बघायचं असे. बुधवार किंवा गुरुवार निघाला तर चेहरा सैल पडायचा. शनिवार किंवा सोमवार निघाला की पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायच्या, "घ्या मॅडम. रविवारच्या अंगावरच येऊन पडला."

मुलांनो, सण रविवारला लागून आला तर एका मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या एकाच उपासनेत, भागतं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून त्या आठवल्या. रविवारची आणि मोठ्या सणाची मिस्सा चुकवणं आपल्यात पाप; नाताळ खुद्द रविवारी आला तर एकच मिस्सा पुरते. शेजारच्या वारी आला तर रविवारची वेगळी, सणाची वेगळी. तुमच्या शहरात हे अवघड नाही. इथे फादर वाशिमहून महिन्यातून एकदा येतात, शिवाय सणाच्या संध्याकाळी. एरवी रविवारी सकाळी एसटी गाठायची आणि आपणच वाशिमला जायचं. पावसात बस अडकली तरी मार्थाबाई ट्रॅक्टरवर बसून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

सिस्टरांच्या दवाखान्यात त्या आया होत्या. किसनराव पाय मोडून तिथे पडले होते. त्यातून लग्न झालं. दोघांनीही आपापला देव सोडला नाही. घरात एका कोनाड्यात मरियामाता, दुसऱ्यात मारुती. किसनराव खाटेवरून चिडवायचे, "तुह्या देवाचं हजेरीबुक लई कडक हाय. आमचा मारुती कोणालेच इचारत नाई." त्यावर त्या म्हणायच्या, "म्हणूनच तुमी असे बिघडले."

ज्या वर्षी नाताळ सोमवारी आला, त्या वर्षी किसनरावांच्या छातीत पाणी भरत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता, त्यांनाही. मरणाला ते भीत नव्हते. त्यांचं एकच मागणं होतं. मला ते दोनदा म्हणाले, "मी एकटा असतानी जाऊ नाई, म्हंजे झालं."

रविवारी सकाळी मार्थाबाईंनी मला त्यांच्यापाशी बसवलं आणि पहिली बस धरली. किसनराव सगळा वेळ दाराकडे बघत होते. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्यांनी एक ओळही ऐकली नसावी. दुपारी मार्थाबाई बसची वाट न बघता रिक्षा करून परतल्या, चप्पल न काढता थेट खाटेपाशी गेल्या. तोवर किसनरावांचा श्वास आणखी वर चढला होता.

रविवारची मिस्सा झाली होती. नाताळची राहिली होती. ती सोमवारी संध्याकाळी आमच्या छोट्या प्रार्थनाघरात होणार होती, मार्थाबाईंच्या परसाच्या अगदी मागे. फादर आधी घरी येऊन किसनरावांना भेटले. बाहेर आल्यावर मार्थाबाईंना म्हणाले की आजाऱ्याची सेवा करणाऱ्यावर मिस्सेचं बंधन नसतं, तुम्ही घरीच थांबा, यात पाप नाही. त्या "हो फादर" म्हणाल्या. फादर गेले आणि मार्थाबाईंच्या येरझारा सुरू झाल्या. दारापर्यंत जायच्या, परत खाटेपाशी यायच्या. शाल अंगावर घेतली, काढून ठेवली, पुन्हा घेतली. स्टोव्हवर दूध ठेवलं आणि विसरल्या. मीही लहानपणी इंग्रजीतून पाठ केलेला धर्मनियम समजावून सांगितला.

"समजते मले," त्या म्हणाल्या. "फादर सुट देऊन राह्यले. पण मले सुट मागाचीच नाई न. तिकडं गेली तर इकडं जीव राह्यते, इकडं राह्यली तर तिकडं."

तेवढ्यात खाटेवरून किसनराव बोलले. प्रत्येक दोन शब्दांमागे थांबत होते. "अवं, एकादशीले श्राद्ध आलं का आमची माय काय करे?"

मार्थाबाई जागीच उभ्या राहिल्या. त्यांना माहीत होतं. सून म्हणून सासऱ्यांच्या श्राद्धाचं ते पान त्यांनीच वाढलेलं होतं. श्राद्धाचं अन्न खायला तर हवं, पण एकादशीचा उपास. म्हणून सासूबाई घास नाकाशी नेऊन हुंगायच्या आणि गायीला घालायच्या.

"उपास बी राह्यते, अन् बाप बी उपाशी जात नाई," किसनराव म्हणाले. "तुमचं गाणं खिडकीतून इथवर येते. तू आइक. अन् बस."

सासूच्या असल्या युक्त्यांना जन्मभर हसलेल्या त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्ह बंद करायला उठले. त्यांनी मागची खिडकी उघडली, शाल किसनरावांच्या पायांवर घातली आणि खाटेच्या कडेला बसल्या. घंटा झाली तशी मी एकटीच निघाले.

किसनराव मंगळवारी भर दुपारी गेले. त्यांचा हात मार्थाबाईंच्या हातात होता.

पुढच्या महिन्यात फादर आले तेव्हा मार्थाबाई पापनिवेदनाच्या रांगेत सगळ्यांत पुढे. नाताळची मिस्सा चुकवल्याचं आत सांगितलं, हे बाहेर येऊन त्यांनीच मला सांगितलं. फादरांनी पुन्हा तेच समजावलं होतं. मी जरा वैतागूनच म्हटलं की पाप नाही हे एकदा कळल्यावर परत कशाला सांगायचं?

त्या पायऱ्या उतरता उतरता थांबल्या. "पाप म्हणून नाई सांगितलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी उठून गेली नाई, त्यायच्यापाशी बसली होती, हे कोणाले तरी सांगाचं होतं."