दारात ताई, आत भावजी

उभ्या हैदराबादेत दाराची घंटा ऐकून जागचा न हलणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमच्या ताईचा नवरा. भावजी एका इंटरनेट कंपनीत जाळ्याची आखणी करतात. त्यांच्या शास्त्रात कडेचा राउटर आलेल्या मजकुराचा पत्ता वाचून त्यावर लेबल चिकटवतो. मधला राउटर नुसतं लेबल बघतो आणि पुढे ढकलतो. कोण, कुठला, याच्याशी त्याला घेणं नाही. त्यांचं नारायणगुड्याचं घरही याच तत्त्वावर चालायचं. दार ताईचं. तिनं "वर्गणी!" म्हटलं की भावजी पैसे घेऊन येत, "पाहुणे!" म्हटलं की सदरा चढवून खुर्च्या मांडत. एकदा जिन्यात पाहुणे बघून ताईनं हाक दिली आणि त्यांच्याआधी गॅसवालाच आत शिरला. भावजींनी त्याला बसवलं, आईची तब्येत विचारली. तो बिचारा म्हणतोय, "नक्को साब, नीचे और दो सिलिंडर हैं," आणि हे म्हणतायत, "जेवूनच जा." मी झापलं, तर म्हणाले, "लेबल पाहुण्यांचं होतं. तक्रार दारात कर."

मग कंपनीनं खर्च वाचवायला फर्मान काढलं: लहान गावांत कडेचं आणि मधलं, दोन्ही कामं एकाच राउटरनं करायची. भावजी आठवडाभर धुमसले. "उद्या म्हणतील, नवरदेवानंच मंत्रही म्हणावेत!" साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि आखणी त्यांच्याच गळ्यात घातली. त्यांनी ती इतकी चोख केली की कुठे काही अडलं नाही. जेवताना हीच बढाई चालली असताना ताईनं डाव साधला. पुण्याला लेकीचं बाळंतपण आलं होतं, आणि यांचं कसं होईल या काळजीनं ती तिकीट काढत नव्हती. "एवढ्याशा राउटरला दोन्ही जमतं, मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

ती गेली. पुढच्या रविवारी मी मलकपेठेहून पोळीभाजी घेऊन पोचले. दार अर्धंच उघडलं. "कोण? कुठून आलात? काम काय?"

"अहो भावजी, मी!"

त्यांनी क्षणभर विचार केला, मान आत वळवून "पाहुणे!" अशी हाक मारली आणि स्वतःच आत जाऊन, सदरा घालून, खुर्ची घेऊन आले. घर मात्र टापटीप; नाव ठेवायला मला जागा सापडेना. चहा घेताना ताईचा फोन आला. "सगळं मजेत," भावजी म्हणाले, "एकटा पुरतो की मी. बारसं करूनच ये."

मी पिशवी उचलली, तसे म्हणाले, "बस ना जरा. इस्त्रीवाला येईलच एवढ्यात. त्याचं तेलुगू मला अर्धंच कळतं, पण बोलतो छान."